बिबट्याच्या भीतीने घेतलेली बॅटरी, भोंगा आणि गळपट्टा : तीन महिने वापरून

ऑक्टोबरच्या शेवटाला आम्ही घरात एक किट घेतलं, 'बिबट सुरक्षा किट' असं त्याच्या खोक्यावर लिहिलेलं आहे, त्यात डोक्याला लावायची बॅटरी, हातातली मोठी बॅटरी, खिशात ठेवायचा भोंगा आणि गळ्याला बांधायचा खिळ्यांचा पट्टा अशा चार वस्तू येतात आणि सगळं मिळून २,१५० रुपये पडले. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण एकच माल दहा नावांनी विकला जातोय, खोका वेगळा आणि आतला माल तोच. म्हणून नावापेक्षा वस्तू कशी आहे तेवढं सांगतो. ऑनलाइन बघितलं तर अशा बॅटऱ्यांचे रिव्ह्यू सगळे ट्रेकिंगवाल्यांचे, तंबूत कसा उजेड पडतो, बॅगेत किती जागा लागते वगैरे. रात्री दीड वाजता उसात दारं धरणाऱ्या, म्हणजे सरीसरीला पाणी वळवणाऱ्या माणसाला ती बॅटरी किती उपयोगाची आहे हे कुणीच लिहिलेलं नाही, आणि आमच्याकडे ती त्याच्यासाठीच घेतात.

आम्ही जुन्नर तालुक्यातले, गावापासून दीड किलोमीटर आत मळ्यात वस्ती आहे, साडेतीन एकर ऊस आणि बाकी कांदा. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून जुन्नर वनविभाग होतो आणि बिबट्याच्या बाबतीत हा भाग सगळ्या महाराष्ट्रात माहीत आहे. वडील सांगतात की त्यांच्या लहानपणी इकडे बाजरी आणि हरभरा, बिबट्या दिसला तर डोंगराकडे. मग कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे, कालवे आले आणि मागोमाग ऊस आला. ऊस एकदा लावला की वर्षभर आणि आडसाली असेल तर सोळा-अठरा महिने रानात उभा, आत गारवा, अंधार, पाणी जवळ, रानडुकरं आणि वस्तीवरची कुत्री खायला. बिबट्याची मादी उसातच वेते, तोड सुरू झाली की पाचटात, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्यात पिल्लं सापडतात, मग वनखात्याची माणसं येऊन ती पिल्लं क्रेटमध्ये तिथेच ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. मी स्वतः दोनदा बघितलंय ते. जो बिबट्या उसात जन्मला त्याच्यासाठी ऊस हेच जंगल, त्याला डोंगर माहीतच नाही.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात काय झालं ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलंय. तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लहान मुलं. लोकांनी रस्ता अडवला, वनखात्याची गाडी जाळली, शेवटी नरभक्षक बिबट्याला गोळी घालावी लागली. त्यातला पहिला बळी गेला त्या आठवड्यापासून आमच्या घरात आई संध्याकाळी सहानंतर कुणाला अंगणात पण बसू देईना. भावाने तोपर्यंत मोबाइलवर हे किट शोधून ठेवलं होतं. मी म्हणालो घे, पैशाकडे बघू नको.

आता एक एक वस्तू.

डोक्याची बॅटरी ही या किटमधली सगळ्यात कामाची वस्तू. पट्टा इलास्टिकचा आहे, कानटोपीवर पण नीट बसतो, मागच्या बाजूला सेलची डबी असल्यामुळे वजन पुढे येत नाही. चार्जिंग टाइप सीचं, मोबाइलच्या चार्जरवर होतं, पूर्ण चार्ज व्हायला चारेक तास. खोक्यावर दहा तास लिहिलंय पण फुल उजेडावर आमच्याकडे साडेतीन-चार तासच चालली, मधल्या उजेडावर सात. रात्रीची पाळी आठ तासांची असते तेव्हा फुल उजेडावर भरवसा ठेवून जाऊ नका, मधल्यावरच ठेवा आणि काही हललं तर वाढवा. उजेड दोन प्रकारे करता येतो, एक लांब जाणारा बारीक झोत आणि एक जवळचा पसरट. दारं धरायला पसरटच पाहिजे. झोतामध्ये काय होतं, समोरचं शंभर फुटांवरचं दिसतं पण डावीकडे-उजवीकडे पाच फुटांवर काय आहे ते अजिबात दिसत नाही, उलट एरवी जेवढं दिसलं असतं तेवढंही दिसत नाही कारण डोळे उजेडाला सरावलेले असतात. आपल्या डोळ्याला अंधाराची नीट सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड एकदा डोळ्यावर पडला की ते सगळं पाण्यात. बिबट्याचं तसं नाही. त्याच्या डोळ्याच्या मागे आरशासारखा पडदा असतो, आलेला उजेड परत एकदा वापरला जातो, म्हणूनच बॅटरी मारली की त्याचे डोळे चमकतात. चांदण्यात आपल्याला बांध दिसत नाही तिथे त्याला आपण पूर्ण दिसत असतो.

हे सगळं मला वाचून माहीत होतं पण ते खरं कळलं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि तेवढ्या एका रात्रीसाठी हा रिव्ह्यू लिहायला बसलोय.

त्या आठवड्यात आमच्या फीडरची, म्हणजे शेतीच्या विजेच्या लाईनची, पाळी रात्रीची होती. ज्यांना शेती माहीत नाही त्यांना हे आधी सांगायला पाहिजे की शेतीची थ्री फेज लाईट दिवसभर नसते, आठवड्यातले काही दिवस दिवसा येते आणि काही दिवस रात्री, आणि ज्या दिवशी रात्री त्या दिवशी माणसाला रात्रीच रानात जावं लागतं. बरेच जण म्हणतात मोबाइल स्टार्टर बसवा, घरातून मोटर चालू करा. बसवलाय. मोटर चालू होते हो घरातून, पण एका सरीचं पाणी भरलं की ते दुसऱ्या सरीत कोण वळवणार? ड्रिप आहे त्यांचं भागतं, आमच्या दोन एकरांना अजून पाटपाणीच आहे. तर साडेबाराला लाईट आली, मी आणि धाकटा भाऊ दोघं गेलो, तो विहिरीकडच्या टोकाला आणि मी खालच्या टोकाला, मधे दीडशे-दोनशे फूट ऊस. आमचा मोत्या माझ्याबरोबर.

दोन वाजून गेले असतील. मी वाकून खोऱ्याने माती ओढत होतो, दारं मोडायचं काम, डोक्याचा उजेड पायाजवळच्या पाण्यावर. गमबूट चिखलात पिंढरीपर्यंत रुतलेले. मोत्या इतका वेळ बांधावर बसलेला, तो उठला आणि सरळ माझ्या दोन पायांच्या मधे येऊन घुसला. भुंकला नाही. त्याचं अंग थरथरतंय हे मला गमबुटातून कळलं. आमचा मोत्या कोल्हा आला तरी अर्धा तास भुंकतो. मी मान वर केली, माझ्याबरोबर उजेड वर गेला आणि पाटाच्या पलीकडे उसाच्या कडेला दोन डोळे. पिवळसर, जरा हिरवट झाक, एकमेकांच्या जवळ, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, आणि अजिबात हलत नव्हते. कुत्र्याचे डोळे चमकतात तेव्हा ते सारखे इकडेतिकडे होतात, म्हशीचे लांब लांब असतात. हे डोळे नुसते माझ्याकडे होते. मग उजेडात हळूहळू डोक्याची गोलाई दिसली, मग खांदा. तो खाली दबून बसलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी ते अंतर पावलांनी मोजलं, सतरा पावलं भरली. बिबट्या एका उडीत सहा मीटर जातो. म्हणजे दोन उड्या.

तेव्हा जे काही माझ्या डोक्यात आलं ते मी खरं खरं लिहितो. मी पहिला पाय उचलायला गेलो आणि पाय निघेना. हातातली मोठी बॅटरी दहा फुटांवर बांधावर ठेवलेली, कारण खोरं चालवायला दोन्ही हात लागतात. भोंगा रेनकोटच्या आत शर्टाच्या खिशात. आणि मी कंबरेत वाकलेला, म्हणजे त्याला माणूस दिसत नव्हताच, शेळीएवढं काहीतरी दिसत होतं. माझ्या हातात खोरं आहे हे मला सुचायला पण वेळ लागला. मी ताठ उभा राहिलो, खोरं डोक्याच्या वर धरलं आणि जेवढा आवाज निघाला तेवढ्याने ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही. भाऊ पलीकडून "काय झालं रं दादा" म्हणून ओरडला आणि त्याने पळत जाऊन मोटरसायकलचा हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. बिबट्या तरी लगेच गेला नाही. अजून चार-पाच श्वास तो तिथेच होता, मग मान वळवली आणि उसात शिरला. आत एवढं पाचट होतं, आपण पाय ठेवला तर चर्रर आवाज होतो, त्याचा काहीच आवाज झाला नाही. मी भावाच्या गाडीवर येऊन बसलो तेव्हा हाताची बोटं हँडलवर मिटत नव्हती.

तर मोकळ्या हाताचा माणूस आणि बिबट्या यांची काय बरोबरी आहे ते बघा. जगात सगळ्यात जोरात पळणारा माणूस उसेन बोल्ट, त्याचा सगळ्यात जास्त वेग ताशी ४४ किलोमीटरच्या आसपास, तोही ट्रॅकवर, स्पाइक घालून, काही सेकंदच. बिबट्या ताशी ५५-६० ने येतो, काट्यातून आणि चिखलातून. वजनाला म्हणाल तर मादी तीस-चाळीस किलोची, नर पन्नास ते सत्तर, म्हणजे आपल्याहून हलकाच, पण स्वतःएवढं जनावर तोंडात धरून झाडावर चढणारं ते अंग आहे. आपल्याला नखं नाहीत, सुळे नाहीत, कातडी इतकी पातळ की उसाच्या पात्याने कापते. वास येत नाही, अंधारात दिसत नाही, आणि मान, जी तो पहिली धरतो, ती आपण उघडी घेऊन फिरतो. दिवसा उभ्या माणसाला तो सहसा टाळतो, आमच्याकडे बिबटे एवढे असून रोज हल्ले होत नाहीत ते त्यामुळेच. पण माणूस वाकला, बसला, एकटा असला, किंवा मुळातच उंचीने लहान असला की तो टाळण्याचा विचार कुठे जातो कुणास ठाऊक. खुरपणारी बाई, गवत कापणारी म्हातारी, परसाकडला बसलेला माणूस, अंगणात खेळणारं पोर, बातम्या काढून बघा, बहुतेक वेळा यांच्यातलंच कुणीतरी असतं.

आता या हिशोबाने परत किटकडे येतो.

हातातली बॅटरी चांगली आहे, झोत लांब जातो, गावातल्या टाकीवर मारली तर टाकी दिसते. पण ती राखणीला आणि रस्त्याने चालायला, काम करताना नाही. तिच्यात लुकलुकणारा एक मोड आहे, त्याने जनावर बिथरतं असं खोक्यावर लिहिलंय. आम्ही अंगणात चालू करून बघितला, दहा सेकंदांत आपल्यालाच गरगरतं आणि चालताना पाय कुठे पडतोय ते कळत नाही, रानात बांधावरून चालत असाल तर तो मोड लावू नका. तिला एक दोरी आहे मनगटात अडकवायची, ती पंधरा दिवसांत तुटली, मी सुताची दोरी लावली. त्या रात्रीनंतर बॅटरी कंबरेलाच बांधायचो, बांधावर ठेवत नव्हतो.

भोंग्याबद्दल मला राग आहे. त्याची जाहिरात अशी की बटण दाबलं की अर्धा किलोमीटर आवाज जातो. कोरड्या हाताने घरात दाबला तर जातो पण. त्या रात्री बिबट्या गेल्यावर मी तो काढून दाबला, ओल्या हाताने, तर नुसतं चिरकल्यासारखं झालं आणि बंद. दुसऱ्या दिवशी उन्हात ठेवला तर परत चालू. म्हणजे दव पडलं, घाम लागला, पाटाचं पाणी उडालं की ही वस्तू बंद, आणि शेतकऱ्याच्या हाताला या तीनपैकी एक काहीतरी कायम असतं. ज्या दुकानातून घेतलं तिथे फोन केला तर म्हणाले पाण्यापासून लांब ठेवा. पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला हे उत्तर. तीन फोननंतर बदलून देतो म्हणाले, ते अजून दिलेलं नाही. यापेक्षा आमच्या गावातले काही जण साधी पत्र्याची शिट्टी गळ्यात घालतात ती बरी, दहा रुपयाला येते, भिजली तरी वाजते.

गळपट्टा. पिंपरखेडच्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जातात ते फोटो सगळीकडे फिरले, त्याच्यानंतर हे पट्टे बाजारात भरपूर आले. कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा घालतात ते आम्ही पहिल्यापासून बघितलंय, बिबट्या कुत्र्याची मान धरतो म्हणून. तोच पट्टा आपल्या आईच्या गळ्यात बांधायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी तिच्या मानेमागे बक्कल लावत होतो तेव्हा ती काही बोलली नाही, नुसता पदर नीट केला. मला ते अजून आठवतं.

वस्तू म्हणून सांगायचं तर रेक्झिनचा पट्टा, दोन ओळींत खिळे, आतून पातळ फोम. फोम दोन आठवड्यांत चेपला आणि खिळ्यांची बुडं मानेला टोचायला लागली, आईच्या मानेवर लाल चट्टे आले. मग बायकोने जुन्या गोधडीचा तुकडा दुहेरी करून आतून शिवून दिला, आता बरं आहे. घाम येतो फार, दुपारी घालवत नाही. खाली मान घालून खुरपताना हनुवटी पट्ट्यावर आपटते. बक्कल मागे असल्यामुळे स्वतःचं स्वतःला घालता येत नाही, वय झालेल्या माणसाला तर नाहीच, हे बक्कल बाजूला असायला पाहिजे. पण कामाचा आहे का? मला वाटतं आहे. बिबट्याचा पहिला घाव मानेवर नाहीतर गळ्यावर असतो आणि तेवढा एक घाव हुकला तर माणसाला ओरडायला वेळ मिळतो. सुंदरबनात १९८६ च्या सुमाराला मध गोळा करणाऱ्यांना आणि लाकूडतोड्यांना डोक्याच्या मागच्या बाजूला माणसाच्या तोंडाचा मुखवटा घालायला दिला होता, वाघ पाठीमागूनच येतो म्हणून, आणि सुरुवातीला त्याचा चांगला फरक पडला होता. पट्टा त्याच प्रकारातला आहे. त्याने जनावर थांबत नाही, आपल्या सगळ्यात कच्च्या जागेवर एक झाकण येतं एवढंच. ज्या दुकानदाराने मला सांगितलं की पट्टा घातला की बिबट्या फिरकतसुद्धा नाही, त्याने असं सांगू नये, असल्या बोलण्यावर विसंबून एखादी बाई एकटी उसात शिरेल.

यात सगळ्यात मोठी कमी ही की लहान मुलांच्या मापाचा पट्टा किटमध्ये नाहीच. माझी पोरगी सात वर्षांची, तिला तो खांद्यावर पडतो. जिला सगळ्यात जास्त गरज तिच्यासाठीच काही नाही.

बरेच जण विचारतात की हे सगळं कशाला, बिबटे पकडून लांब नेऊन का सोडत नाहीत. ते करून झालंय. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर भागातले पुष्कळ बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले आणि माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी त्याचा नीट अभ्यास करून लिहिलंय. पकडलेलं जनावर परक्या मुलखात सोडलं की ते बावरतं, परत फिरतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरं येतं. त्यांनीच पुढे आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात कॅमेरे लावून बघितलं तर भर शेतीच्या आणि वस्तीच्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच मोठे बिबटे निघाले आणि त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा. म्हणजे ते आपल्या घराशेजारीच राहतायत, बहुतेक रात्री आपल्याला न कळता निघून जातात. माणिकडोहचं निवारा केंद्र आहे, तिथे पकडलेले बिबटे ठेवतात, पण ठेवून ठेवून किती ठेवणार. मला बिबट्याबद्दल द्वेष नाही. आमच्याकडे वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात, आजी म्हणायची त्याचं नाव रात्री घेऊ नये, जनावर म्हणावं. ज्याने समोरून बघितलंय त्याला त्या रूपाचा विसर पडत नाही. पण माझी पोरगी अंगणात खेळायला पाहिजे, हे पण आहे.

त्या रात्रीनंतर आम्ही काय काय बदललं ते लिहितो, कारण मला वाटतं किटपेक्षा याचाच जास्त उपयोग झालाय. एकट्याने जायचं नाही, आणि दोघं गेलो तर दोन टोकांना नाही, एकाच सरीवर. एक जण वाकतो तेव्हा दुसरा उभा राहून सगळीकडे उजेड फिरवतो. काम उशिरा होतं, एका रात्रीत भिजायचं ते दोन रात्रींत भिजतं, होऊ दे. मोबाइलवर भजन नाहीतर गाणी मोठ्याने लावून ठेवायची, वनखात्याचे लोक पण हेच सांगतात, आपण आहोत हे त्याला लांबून कळलं की तो स्वतःहून बाजूला होतो, अचानक गाठ पडली तर घात होतो. हातात काठी, काठीला वर घुंगरू बांधलंय. घराभोवतीचा आणि गोठ्याच्या मागचा वीस फूट ऊस यंदा तोडणीनंतर परत ठेवायचा नाही, तिथे मेथी-कोथिंबीर करायची, म्हणजे दार उघडल्यावर समोर मोकळं दिसेल. गोठ्याला वरपर्यंत जाळी मारली, त्याला खर्च आला पण वासरू आत निर्धास्त बसतं. आणि १९२६ हा वनखात्याचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकला, आईच्या साध्या फोनमध्ये पण.

जाळी सोडली तर यातलं कशालाच पैसे फार लागत नाहीत, पण जी गोष्ट खरी लागते ती आमच्या हातात नाही, ती म्हणजे दिवसाची लाईट. आम्हाला दिवसा आठ तास थ्री फेज द्या, रात्री उसात कोण जातंय मग? ही बॅटरी, हा पट्टा, हे सगळं विकत घ्यायची वेळ येते ती माणूस रात्री दोन वाजता बिबट्याच्या राज्यात जाऊन वाकतो म्हणून. सौर पंपासाठी आम्ही अर्ज भरलाय, शेजारच्या वस्तीवर एकाचा बसला, तो आता रात्री घरात झोपतो. त्याच्या घरी मी परवा गेलो तर त्याची पोरं साडेसहालाच आत, दार लावलेलं, पण बाप घरात होता. आमच्याकडे ज्या रात्री पाळी असते त्या रात्री पोरगी जागी राहते. पहाटे गमबुटाचा आवाज ऐकला की मग झोपते, असं तिची आई सांगते. माणूस गेल्यावर सरकार पंचवीस लाख देतं, तो जीआर आम्ही वाचलाय. तेवढ्या पैशांत किती पंप बसतील याचा हिशोब कुणीतरी करायला पाहिजे.

रेटिंग द्यायचं तर डोक्याच्या बॅटरीला पाचपैकी साडेचार, अर्धा कमी कारण एका चार्जिंगवर किती तास चालते त्याबद्दल खोटं लिहिलंय. हातातल्या बॅटरीला तीन. पट्ट्याला तीन, आतून कापड लावायची आणि बक्कल बाजूला करून घ्यायची तयारी असेल तर, मोची शंभरेक रुपयांत करून देतो. भोंग्याला शून्य देतो, कारण जिवाच्या वेळी न वाजणारी वस्तू खिशात असण्यापेक्षा नसलेली बरी, नसली तर माणूस आधीच ओरडतो, मी पण ओरडलोच. पूर्ण किट घेऊ नका, डोक्याची बॅटरी सुटी सात-आठशेला मिळते, ती घ्या, घरात जितकी माणसं रात्री बाहेर पडतात तितक्या घ्या, आणि शिट्टी घ्या. घेताना दुकानातच पूर्ण अंधारात लावून पसरट उजेड किती रुंद पडतो ते बघा, लुमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, आकडा बघत बसू नका. सेल बदलता येतो ना ते पण विचारा, काहींचा आतच बसवलेला असतो आणि वर्षाने अख्खी बॅटरी टाकून द्यावी लागते.

अजून एक, आमच्या शेजारच्या फडात आता तोड सुरू झालीय, बीडकडची ऊसतोड मजुरांची टोळी आहे, उसाच्या कडेलाच कोप्या, म्हणजे झोपड्या, टाकल्यात, कोपीला दार म्हणजे साडीचा पडदा. त्यातल्या एका कोपीत तीन आणि पाच वर्षांची दोन पोरं आहेत, आई-बाप पहाटे चारला मोळ्या बांधायला जातात तेव्हा ती तिथे एकटी झोपलेली असतात. आम्ही आमच्या ओसरीवर त्यांना झोपायला सांगितलंय, चार दिवस झाले येतात, आणि हातातली ती मोठी बॅटरी मी त्यांच्या बापाला देऊन टाकली. पण दिवसा ती पोरं फडातच असतात. लहान मुलांच्या मापाचा, हलका, आतून मऊ असलेला पट्टा कुणी बनवत असेल, नारायणगाव, मंचर, ओतूर, कुठेही, तर खाली नक्की सांगा, मला तीन पाहिजेत.